शनिवारचा वाचनालयातला कार्यक्रम : दगड आणि थोडे हात हवे आहेत

मंडळी, नमस्कार.

सिएटलजवळच्या आमच्या वाचनालयात मी शनिवारी मुलांसाठी भूगर्भाचे प्रयोग घेते. ज्वालामुखी म्हटलं की मुलांना खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस तेवढा ठाऊक असतो. फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. दगड कसा झाला ते राहूनच जातं.

म्हणून यंदा कॉर्नस्टार्च घेतलं आहे. स्टार्च आणि पाणी समसमान कालवून काचेच्या भांड्यात ओतायचं, वर दिवा लावून आठवडाभर हात लावायचा नाही. आधी वरून मोठ्या भेगा पडतात. पूर्ण वाळल्यावर ढेप उलटी करून अलगद फोडली की आत बारीक उभे खांब निघतात, काही पाच बाजूंचे, काही सहा. वाळताना स्टार्च आकसतं आणि ओल जसजशी खाली सरकते तशा भेगाही तिच्यामागून उतरतात. लाव्हा आकसतो तो थंड होताना, एवढाच फरक. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशीच घडली, आणि आय-९० महामार्गावरून व्हँटेज गावाकडे जाताना दिसणारे काळे खांबही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला कोलंबिया नदीकाठचा बहुतेक सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दगड मात्र एकच, बेसाल्ट.

घरी करून बघणार असाल तर एक सांगते. माझी पहिली खेप वाया गेली. आपण भारतात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते इथलं कॉर्नस्टार्च. इथे कॉर्नफ्लोअर म्हणून आणलं तो निघाला दळलेला मका. चार दिवसांत आंबला, खांब एकही नाही.

वाचनालयातल्या एका बाईंनी याकिमाहून जपून आणलेली बरणी दिली आहे. १८ मे १९८० ला इथला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला तेव्हा अंगणात पडलेली राख. आपण राख म्हणतो, पण ती जळून झालेली नाही. भिंगाखाली धरली की काचेचे धारदार तुकडे चमकतात. चुलीतल्या राखेशेजारी ठेवली तर मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. (बरणी बंदच ठेवते, श्वासात जायला नको.)

कोणाकडे सह्याद्रीतला दगड किंवा पुण्या-नाशकाकडचे स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे स्फटिक असतील तर शनिवारपुरते द्याल का? आपल्या मुलांना आजोळचा दगड इथल्या दगडाशेजारी हातात धरता यावा, एवढीच इच्छा आहे.

---

ताई,

स्फटिक नाहीत, पण लोणावळ्याचा एक दगड आहे, घेऊन येतो. भूकंपही घ्या असं सुचवतो. १९९३ साली मी लातूरला होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला हादरा बसला तेव्हा विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. ६.२ चा भूकंप, आणि माणसं मेली ती माळवदाच्या घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर मातीचं जड छप्पर. पुढे आठवडाभर मी तिथेच होतो. त्या भिंती कशा फुगून सुटल्या होत्या ते अजून डोळ्यांपुढे आहे.

ट्रेमध्ये खड्यांची दोन घरं रचा, चिखलात. एकाच्या भिंतींना दारांच्या वरच्या अंगाला सुतळीचा घट्ट पट्टा बांधा, दुसरं तसंच ठेवा. दोघांवर जड फळी ठेवून ट्रे हलवा. आधी कोणतं बसतं ते मुलांनाच ओळखू दे. सिएटलच्या मुलांना हे कळलंच पाहिजे, २००१ चा निस्क्वाली भूकंप ६.८ चा होता.

---

काका,

घेतलंच! काल रात्री करून पाहिलं. बिनपट्ट्याचं घर तिसऱ्या हिसक्याला कोसळलं. पट्ट्याच्या घराला चीर गेली, पण उभं राहिलं. मुलीने तीनदा करायला लावलं, मग तिनेच दोन पट्टे बांधले. सुतळी आणि फळ्या मी आणते. खडे तेवढे गोल नकोत, ओबडधोबड आणा. साडेनऊला मागच्या दाराशी भेटू.