‘आय-७ घे, कार्डाचं नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना एकदाच उत्तर

ओझरकर_पीसी

काल इथल्याच दुसऱ्या धाग्यात नाशिकच्या सिडकोतल्या एका पोराने विचारलं, ४५,००० रुपयांत गेमिंग पीसी बसेल का, मॉनिटर घरचाच आहे. त्यावर एका जाणत्या माणसाचा सल्ला: ‘सेकंड हँड आय-७ चा (इंटेलच्या प्रोसेसरचा) सेट घे, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर येतोच, ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू. आय-७ म्हणजे आय-७.’ आणि खाली लोक अंगठे देतायत. तिथे लिहून उपयोग नव्हता, म्हणून इथे वेगळं लिहितोय.

कुठला आय-७, ते तरी सांगा. ‘आय-७ सेट’ म्हणून जे विकायला असतं त्यात बऱ्याचदा ३७७० निघतो. २०१२ चा माल, जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. जुगाड करून ११ टाकलंत, तर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट मागतो. ते कुठून आणणार? इंटेलचाच २०२२ चा १२१००एफ नावाला आय-३ आहे, कोर त्यालाही चारच, पण गेममध्ये त्या म्हाताऱ्या आय-७ ला जवळपास फिरकू देत नाही.

गेमिंगसाठी मशीन बसवताय ना? मग निम्म्याच्या आसपास पैसे कार्डाला. एएमडीचं आरएक्स ६६०० कार्ड मिळालं तर घ्या: ८ जीबी, १३२ वॅट, १०८०पी ला (फुल एचडी) आजही व्यवस्थित. त्याच्या जोडीला १२१००एफ, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर. कार्ड घेणारच असाल तर इनबिल्ट ग्राफिक्सवाला ५६००जी नको. त्यात कॅश (प्रोसेसरची आतली मेमरी) निम्मी, १६ एमबी, आणि कार्ड जोडायच्या मार्गात, पीसीआयईत, तो जुन्या ३.० वरच अडकलेला. ६६०० त्या मार्गाच्या आठच लेन वापरणारं कार्ड, थोडा का होईना फटका बसतो. आरटीएक्स ३०५० घेणाऱ्यांनी ८ जीबीचं की ६ जीबीचं ते बघून घ्या. नाव तेच, आतला ऐवज कमी.

आणि फुकटातला एसएमपीएस! त्यावर ४५० वॅट कोणी लिहिलं, तर ज्याने स्टिकर छापलं त्याने.

पंचवटीचा_जुगाडू

भाऊ, तुझा पगार चालू आहे म्हणून तुला ४५ हजार सुचतात. पोरं वीस हजारांच्या आसपास घेऊन येतात आणि त्यातही आईकडून उसने. ऑफिसातून निघालेला ब्रँडेड डबा, चौथ्या पिढीचा आय-५, त्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. ७५ वॅटचं कार्ड, वेगळी वायर न लागणारं मिळतं. माझा भाचा त्यावर जीटीए ५ खेळतो, कॉलेजचं ऑटोकॅडही त्यावरच करतो. त्याला जाऊन सांग की तुझा पीसी पीसी नाही.

आणि तुझ्या यादीत रॅम कुठल्या भावाने धरलीस ते लिही. २०२५ संपता संपता रॅम भडकली, एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात आपल्या क्रूशियल ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या डब्यात रॅम बसवलेलीच येते.

ओझरकर_पीसी

बरं, रॅमचा मुद्दा तुझा. फ्रेम करून भिंतीला लाव.

पण त्या ब्रँडेड डब्यांपैकी बऱ्याच डब्यांचा मदरबोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये बसत नाही आणि एसएमपीएसचा कनेक्टरही त्यांचा स्वतःचा असतो. १६५० वर रस्ता संपला. पुढे काही वाढवायचं म्हटलं की सगळंच बदला.

सातपूरचा_मशीनवाला

कार्ड कार्ड काय करताय. घराला अर्थिंग आहे का ते आधी बघा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी पोरांची तक्रार असते. पीसी खराब नसतो, भिंतीतल्या थ्री पिनची तिसरी वायर कुठेच गेलेली नसते. एसएमपीएसचा फिल्टर गळतीचा करंट अर्थिंगकडे ढकलतो, अर्थिंगच नाही तर तो बॉडीवर बसतो.

आणि ‘८० प्लस ब्राँझ’ बघून नाचू नका. वीज किती वाया जाते त्याचा तो दाखला आहे, आतले कपॅसिटर कसे आहेत याचा नाही. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, तोही मिनिटांसाठी. गेम सेव्ह करून बंद करायला ठीक.

बाकी पार्ट कुठले घेता यापेक्षा कुणाकडून घेता ते महत्त्वाचं.

कॉलेजरोड_मिनल

कुणाकडून, हे बरं काढलंत काका. मी इथल्याच एका दुकानातून अख्खा पीसी बसवून घेतला. पक्कं बिल मागितलं तर म्हणे १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल. भाऊ बरोबर होता, तो म्हणाला जाऊ दे. कार्ड बंद पडलं तेव्हा सर्व्हिस सेंटरने पहिला प्रश्न विचारला: बिल? दुकानदाराचं उत्तर, ‘ताई, तो माल आमचा वाटत नाही.’ तेव्हापासून सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून. भाव चार दुकानांत विचारता येतो आणि बिल हातात पडतं.

मेनरोडचा_काउंटर

वाटच बघत होतो. पार्ट मुंबईहून आणायचे आणि मग आमच्याकडे यायचं, ‘काका, फक्त डिस्प्ले येत नाहीये, जरा बघा ना.’ बघतो तर रायझनच्या पिना वाकलेल्या. वर त्या सरळ करायचे पैसे मागितले की आम्ही लुटारू.

बिल न देणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण काउंटरवर ‘बिल नको, तेवढे कमी करा’ हे कोण म्हणतं? गिऱ्हाईकच.

कॉलेजरोड_मिनल

मी बिल मागितलं होतं. नीट वाचा.

पंचवटीचा_जुगाडू

मिनलताई, हिशेब करा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, पासवाले बसू देत नाहीत ते सोडा. दादरला उतरून ग्रँट रोड, दुपारभर उन्हात घासाघीस, संध्याकाळच्या पंचवटीने मांडीवर कॅबिनेट घेऊन परत. तिकीट, जेवण, एक दिवस गेला. घरी येऊन बोर्ड मेलेला निघाला तर पुन्हा कसारा घाट.

कॉलेजरोड_मिनल

वॉरंटी कंपनीची असते, सिरियल नंबरवर. बिल असेल तर दुकानापर्यंत जावंही लागत नाही.

मेनरोडचा_काउंटर

लागत नाही? कुरिअर करा, मग बसा आठवडेच्या आठवडे ईमेल करत. माझ्याकडे पहिल्या दिवशी डिस्प्ले आला नाही तर काउंटरवरच बदलून मिळतं. हे ऑनलाइनवाला करेल?

ओझरकर_पीसी

अरे, धागा ग्राफिक्स कार्डाचा होता.

सातपूरचा_मशीनवाला

अर्थिंगचं कुणी बघितलं का?

सिडको_वाला_पोरगा

नमस्कार, काल विचारलेला मीच. दोन गोष्टी राहिल्या. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा जुना आहे, त्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं सॉकेट) आहे. आणि बाबा म्हणतात, नवा घ्यायचा असेल तर मॉनिटरसकट ४५.

ओझरकर_पीसी

हे काल नाही सांगायचं?? ६६०० ला व्हीजीए नाहीच. कन्व्हर्टर लावशील, पण त्या मॉनिटरवर ते कार्ड वाया.

पंचवटीचा_जुगाडू

मग माझी १६५० पुरते की. बोल ना आता, गप्प का?

ओझरकर_पीसी

पुरते. तरीही तो आय-७ नाही म्हणजे नाही.

मेनरोडचा_काउंटर

पोरा, सरळ सांगतो. ५६००जी, बी५५० चिपसेटचा बोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक. एकच १६ ची घेऊ नकोस, इनबिल्ट ग्राफिक्सला ड्युअल चॅनेलचा (दोन स्टिक एकदम चालण्याचा) खरा फरक पडतो. कंपनीचा एसएमपीएस आणि १०८०पी चा मॉनिटर. व्हॅलोरंट आजपासून चालेल. कार्ड दिवाळीला.

ओझरकर_पीसी

म्हणजे फिरून ‘कार्डाचं नंतर बघू’च! तेवढं खरं, की याच्यावर निदान विंडोज ११ चढेल आणि पुढे कार्ड लावलं तर बोर्ड फेकावा लागणार नाही. पटलं असं समजू नका. एसएमपीएस आत्ताच ५५० वॅटचा घे, दिवाळीला परत खर्च नको.

सिडको_वाला_पोरगा

काका, शनिवारी बाबांना घेऊन येतो. पक्कं बिल मिळेल ना?

मेनरोडचा_काउंटर

मिळेल. भाव जीएसटी धरूनच सांगेन, नंतर वेगळे नाही.

कॉलेजरोड_मिनल

बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घे. दुकानातून बाहेर पडायच्या आधी डब्यांवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघ. ‘नंतर व्हॉट्सअॅप करतो’ म्हणाले तर तिथेच बसून राहा.