भाच्याला 81 टक्के, त्याला जायचंय आयटीआयला आणि घरात सुतक

वारजेची_आत्या

धागा मोठा होणारे, आधीच सांगते.

दादाच्या मुलाला यंदा दहावीला 81 टक्के पडले. पेढे वाटून झाले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना पठ्ठ्याने जाहीर केलं की मला सायन्स नकोय, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. वहिनीची पोळी तव्यावर करपली. फॅमिली ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "81 ला आयटीआय? मग 50 वाल्यांनी कुठं जायचं?" मला त्या एका ओळीत सगळा घोळ दिसला. म्हणजे आयटीआय काय नि एमसीव्हीसी (अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम) काय, आपल्या लेखी ही शिकायची ठिकाणंच नाहीत, टक्के कमी पडलेल्या पोरांची गोडाऊनं आहेत.

आता मुलगा कसा आहे ते ऐका. मे महिन्यात सोसायटीची पाण्याची मोटर बंद पडली, छोटीच आहे, सिंगल फेजची. चेअरमनकाकांनी मोटर जळाली, रिवाइंडिंगला टाका असा निकाल देऊन टाकलेला. हा खाली गेला, बटण दाबून कान दिला आणि म्हणाला, घूं करतीये पण उचलत नाहीये, कपॅसिटर गेला असणार. मग मेन स्विच पाडला, जुन्या कपॅसिटरची दोन टोकं स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून घेतली (हे कुठं शिकला विचारलं तर म्हणे यूट्यूब), वॉचमनसोबत जाऊन त्याच मायक्रोफॅरडचा नवा आणला, बसवला, तासाभरात टाकी भरायला लागली. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचे परिणाम असा धडा आहे, त्यात मोटरची आकृती आहे, वर्गातल्या प्रत्येकाने ती पट्टी लावून काढलेली असते, पण घूं आवाज ऐकून कळणारा हा एकच.

आता माझं स्वतःचं पाप. मी अकरावीला बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं. 200 मार्कांचा व्यवसाय विषय, तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि बायोलॉजी सुटतं, शिवाय स्कोरिंग, म्हणून घेतलेला, आवड वगैरे काही नाही. जर्नल सीनियरचं बघून उतरवलं. दोन वर्षांत मनापासून केलेलं प्रॅक्टिकल एकच, पॉवर सप्लायचं. ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, कपॅसिटर आणि शेवटी 7805, म्हणजे व्होल्टेज 5 वर धरून ठेवणारी चिप. सोल्डरिंगचा तो राळेचा वास, आणि मीटरवर 5 व्होल्ट दिसल्यावर आम्ही तिघी ओरडलो होतो. पुढे इंजिनिअरिंग करून हिंजवडीत लागले, सोल्डरिंग गन परत कधी हातात आली नाही. म्हणजे हाताचा विषय सरकारने दिला होता आणि आपण त्याची मार्कांची शिडी केली.

माझं म्हणणं, अकरावी बारावीला एक हाताचा विषय सगळ्यांनाच पाहिजे, जेईई वाल्यांना सुद्धा, आणि खरा शिकवलेला. तो असता तर या पोराला 16 व्या वर्षी हे का ते निवडावं लागलं नसतं. आज तसा नाहीये म्हणून मी म्हणते जाऊ दे त्याला. दादा वहिनी माझ्याशी बोलत नाहीयेत. तुम्ही बोला.

टी_ब्लॉक

ताई, भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन व्हीएमसी, दोन सीएनसी टर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशिनं. असं पोरगं असेल तर उद्या पाठवा. माझ्याकडे बीई झालेले येतात, त्यांना व्हर्नियर दिला की मोबाईल धरल्यासारखा धरतात. परवा एकाला बोअर (जॉबमधलं भोक) मापायला सांगितला, व्हर्नियर कुठूनही लावतोय आणि रीडिंग सांगतोय, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, पॉइंट झिरो टूचा. म्हटलं राजा, इथं बोअर गेज लागतो. तर म्हणे सर तो थिअरीत होता. आणि आयटीआयची चांगली पोरं असतात ती आधीच मोठ्या कंपन्या उचलतात, आम्हाला उरलंसुरलं.

फिटर_2009

टी ब्लॉक दादा, पगार किती देता ते पण लिहा की.

टी_ब्लॉक

फ्रेशर 14 हजार, ओव्हरटाईम वेगळा. वर्षात सेटिंग शिकला तर 20 च्या वर.

फिटर_2009

14 हजार. भोसरीत तिघांत खोली घेतली तरी भाडं, मेस, पेट्रोल जाऊन गावाला काय पाठवणार?

आत्या, राग मानू नका पण तुमचा धागा वाचून मला जरा हसू आलं. मी आयटीआयवालाच, कुठली ते सांगत नाही. पहिले काही महिने आम्ही फक्त कानस चालवली. लोखंडी पट्टी व्हाईसमध्ये धरायची, घासायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची, फटीतून उजेड दिसला की परत घासायची. तळहाताला फोड. सर म्हणायचे हात बसल्याशिवाय मशिनला हात लावायचा नाही, आणि ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. एका मोठ्या कंपनीत वर्षभर अप्रेंटिस केली, परमनंट माणसाइतकं काम, त्याच्या पाव पैसे. वर्ष संपलं, सर्टिफिकेट, गुलाबाचं फूल, फोटो, आणि सोमवारी गेटवर पुढची बॅच. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यातच 2014 च्या दुरुस्तीआधी लिहिलेलं होतं की शिकाऊ उमेदवाराला पुढं कामावर घ्यायची सक्ती मालकावर नाही. मग कॉन्ट्रॅक्टर, सात महिने झाले की ब्रेक, परत दुसऱ्या नावाने जॉइनिंग. चाकण, रांजणगाव, परत चाकण. आयटीआयमुळं डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयर मिळालं ते केलं, आणि आता कुठं मेंटेनन्सला बरा आहे. हातात कला असली की माणूस उपाशी मरत नाही असं जे म्हणतात ना, त्यांना विचारा तुमच्या घरात कोणाच्या हातात आहे.

पोराला डिप्लोमाला घाला. 81 टक्के आहेत, इलेक्ट्रिकल मिळेल कुठंतरी.

सदाशिव_पेठी

घूं आवाजावरून करिअर ठरवायचं असेल तर आमच्या घरच्या मिक्सरला पण विचारा.

वारजेची_आत्या

पेठी, तुमचा मिक्सर नक्की तुमच्यापेक्षा कामाचं बोलेल.

फिटर दादा, हसा, पण तुमचं परत परत वाचतेय.

निवृत्त_मास्तर

26 वर्षे एमसीव्हीसीला इलेक्ट्रिकलचे शिकवले, आता रिटायर्ड आहे, म्हणून थोडे लांब लिहितो, सांभाळून घ्या. उच्च माध्यमिकला व्यवसाय शिक्षण द्या हे कोठारी आयोगाने 1964 ते 66 मध्येच सांगितलेले. आपल्याकडे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम 1988 च्या सुमारास आले. कल्पना अशी होती की पोरगा बारावी पण होईल आणि हातात काम पण येईल, 1986 ला अप्रेंटिस कायद्यात दुरुस्ती करून बारावी व्होकेशनलच्या मुलांसाठी वेगळा वर्ग सुद्धा केला होता. कागदावर खरोखर चांगले होते.

प्रत्यक्षात काय झाले तर आमच्याकडे मुले यायची ती शेवटच्या राउंडला, सगळीकडून नाव कटल्यावर. पहिल्या दिवशी मी विचारायचो कोण इलेक्ट्रिकल करायचे म्हणून आलेय, साठ मुलांत दोन हात वर, त्यातला एक मित्राचा बघून. निदेशक तासिका तत्त्वावर, दिवाळीनंतर त्यातला एखादा कंपनीत लागला की वर्ग माझ्याच गळ्यात. एक थ्री फेज मोटर होती, ती 11 वर्षे तीच, मुले उघडून जोडून उघडून जोडून तिचे बोल्टचे आटे गेले. आता यात मी ढ मुलांना दोष देत नाही, उलट ज्याला नववीपर्यंत कुणी शाबास म्हटले नाही तो पोरगा स्टार डेल्टा स्टार्टर पहिल्यांदा स्वतः जोडून मोटर फिरवायचा तेव्हा त्याचा चेहरा बघायला मी रिटायर होईपर्यंत थांबलो असे समजा.

आत्याबाईंच्या भाच्यासारखा पोरगा मला 26 वर्षांत एकही मिळाला नाही. सायन्सला मिळत असताना स्वतःहून आलेला.

शेवटची_रांग

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कोणी लिहीत नाहीये ती मी लिहितो.

माझे आजोबा हातानेच काम करायचे, वडील हातानेच, आणि वडिलांनी मला औजाराला हात लावू दिला नाही, कानफटात मारून अभ्यासाला बसवलं. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तकं होती त्यांना आता हाताचं काम फार सुंदर वाटायला लागलंय. आत्याचा भाचा आयटीआयला गेला तर ती आवड, वस्तीतला पोरगा गेला तर त्याची लायकी. आणि भाच्याचं फसलं तर आत्या आहे, दादा आहे, वारज्यातला फ्लॅट आहे, परत बारावीला बसेल. आमच्यातल्याला एकदाच चान्स असतो. शाळेतच पोरं वेगळी काढायला लागलात की कोण कुठल्या रांगेत जाणार हे आडनावावरून आधीच सांगता येतं.

जर्मनीचं उदाहरण आता कोणीतरी देणारच म्हणून आधीच सांगतो, तिथं बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहा वर्षांच्या पोराची शाळा वेगळी होते, आणि त्यावर तिथंच बोंब आहे.

पाबळकर

शेवटची रांग, तुमचा मुद्दा मान्य, पण तो पोरं वेगळी काढण्याविरुद्ध आहे, कामाविरुद्ध नाही. आमच्या शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी 1983 ला सुरू केलेला. मोठ्या कंपनीतला संशोधक माणूस, नोकरी सोडून खेड्यात आला. त्यांनी शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार केला, आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. वर्गातली सगळी मुलं, मुली पण. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, गावातली खरी कामं करायची आणि त्याचा खर्च पण काढायचा. माझी बहीण तिसऱ्या बाकावरची, तिने लोखंडी स्टूल वेल्ड केलेलं, एक पाय आखूड, अजून आमच्या ओट्यावर डुगडुगतं. ती आता नर्स आहे. वेल्डर झाली नाही म्हणून ते वाया गेलं का?

आणि पुण्याचंच बोलायचं तर महात्मा फुल्यांनी 1882 ला शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शाळेत मोडी बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीची माहिती पण मागितली होती. एकाच पोराला दोन्ही.

शेवटची_रांग

एकाच पोराला दोन्ही, बरोबर. धाग्याचं नाव काय आहे ते परत वाचा.

कोथरूडची_आई

माझा मुलगा इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि एन्ट्रन्सचा क्लास एकत्र) आहे, कॉलेजचं तोंड त्याने ॲडमिशनला बघितलं तेवढंच. सकाळी सात ते संध्याकाळी सात क्लास. फी लिहीत नाही, लाज वाटते. तो सुखी दिसत नाही हे मी कबूल करते. पण आत्या, तुमची स्वतःची मुलगी आहे असं तुम्ही मागं एका धाग्यात लिहिलेलं. तिने दहावीनंतर मला वायरमन व्हायचंय म्हटलं तर? भाच्याच्या बाबतीत मन मोठं करणं सोपं असतं हो.

वारजेची_आत्या

सातवीत आहे. बरोबर ठिकाणी मारलंत. दोन दिवस विचार करतेय आणि उत्तर "हो" असं पटकन येत नाहीये.

धोरणवाला

नवीन शैक्षणिक धोरण 2020 वाचा जरा. त्यात हेच सगळं आहे, 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हायला पाहिजे म्हटलंय. त्यातच आकडा आहे, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाने आपल्याकडे 19 ते 24 वयाच्या कामगारांत औपचारिक व्यवसाय शिक्षण झालेले 5 टक्क्यांहून कमी, जर्मनीत 75, दक्षिण कोरियात 96.

फिटर_2009

ओळख. सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तर न घेता जायचं ती पण ओळखच आहे त्याच धोरणात. दहा दिवसांत कानस कुठल्या हातात धरायची ते पण कळत नाही. मास्तरांची मोटर बदलायला पैसे द्या आधी.

निवृत्त_मास्तर

आटे तरी पाडून द्या.

बाकी एक कामाचे सांगतो, महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन लागतो आणि बारावी पण लागते. म्हणजे नुसती आयटीआय करून थांबू नये, बारावीचे काहीतरी बघून ठेवावे.

वारजेची_आत्या

अपडेट देते. काल दादाला हा सगळा धागा वाचायला दिला. फिटर दादांचा प्रतिसाद त्याने तीनदा वाचला आणि म्हणाला बघ, मी हेच म्हणतोय. मग शेवटची रांग यांचं वाचून बराच वेळ गप्प. शेवटी डिप्लोमा इलेक्ट्रिकल आणि आयटीआय दोन्हीचे फॉर्म भरायचे ठरलंय, सायन्सचा पण भरलाय वहिनीच्या समाधानाला. भाच्याला विचारलं तर म्हणतो, "आत्या, डिप्लोमात मोटर उघडायला मिळते का नुसती आकृती?" याचं उत्तर कोणाकडे असेल तर द्या. आणि माझा मुद्दा मी सोडलेला नाहीये, फक्त "जाऊ दे त्याला" हे मी जरा पटकन म्हटलं होतं.

टी_ब्लॉक

पोराला एकदा शॉपवर घेऊन या. गुरुवार सोडून, गुरुवारी एमआयडीसी बंद. बूट घालून या म्हणावं, चपला चालणार नाहीत, खाली बर (धातूचा धारदार कचरा) असतो.

फिटर_2009

आणि त्याला पगारपत्रक पण दाखवा.

टी_ब्लॉक

दाखवतो. शेजारी माझ्या मशिनच्या हप्त्याचा कागद पण ठेवतो.