घरात सिगारेट ओढणाऱ्याला कुत्रा दत्तक द्यावा का?

गोचीड
रस्त्यावरची, सोडून दिलेली कुत्री सांभाळून त्यांना घरं शोधून द्यायचं काम आम्ही चारपाचजणी करतो. देण्याआधी घर बघून येतो. परवा ज्या घरी गेलो तिथली माणसं प्रेमळ, पूर्वी कुत्रा पाळलेली, दिवसभर कोणी ना कोणी घरात. पण दारातच सिगारेटचा वास नाकात बसला आणि आत ॲशट्रे ओसंडत होता. मी नकार दिला. मैत्रिणीला तो मुळीच पटला नाही. सध्या आमचं बोलणं कामापुरतं आहे.

माझी बाजू मांडते. माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो, खिडकी उघडतो, निदान कटकट तरी करतो. कुत्रा मात्र सिगारेट ओढणाऱ्याच्याच पायाशी येऊन बसतो. खोलीत साठणारा बराचसा धूर झुरक्यांचा नसतोच, नुसत्या जळत राहिलेल्या टोकाचा असतो आणि तो फिल्टरमधून आलेला नसतो. त्यातलं जे खाली बसतं ते गालिच्यावर, सोफ्यावर आणि कुत्र्याच्या केसांवर. मग तो अंग चाटतो. अशा घरांतल्या कुत्र्यांच्या लघवीत कोटिनीन, म्हणजे निकोटीन शरीरात मोडून तयार होणारा पदार्थ, सापडतो. मग "त्याला काय होतंय" कसं म्हणायचं? घरात ओढणाऱ्याला कुत्रा देऊ नये, असं मला वाटतं.

धूमकेतू
ते घर माझं नव्हे, पण आरोपी मीच समजा. बावीस वर्षं ओढतोय, घरातच. माझा लॅब्रॅडॉर चौदा वर्षं जगला आणि शेवटपर्यंत जिने चढला. तुम्ही ज्याला नकार दिलात त्याच्याकडे जाणारा कुत्रा आता कुठे आहे? पिंजऱ्यातच ना? प्रेम करणारं घर नाकारून त्याला स्वच्छ हवेत एकटा ठेवलात, एवढंच झालं. दिवसभर साखळीने बांधून ठेवणाऱ्यांनाही असंच हाकलता का?

गोचीड
त्यांनाही नाहीच म्हणतो. लॅब्रॅडॉर एवढा जगला याचा खरंच आनंद आहे, पण "आजोबा रोज पाकीट संपवून नव्वदीपर्यंत जगले" हे माणसांच्या वादातही चालत नाही. कोलोरॅडोमधल्या १९९८ च्या अभ्यासात सिगारेटच्या घरातल्या लांब नाकाच्या कुत्र्यांत नाकाच्या कॅन्सरची शक्यता दुप्पट दिसली होती.

किसकाढू
अर्धाच अभ्यास सांगितलात. त्यात नाकाचा कॅन्सर झालेले १०३ कुत्रे होते आणि तुलनेला इतर कॅन्सर झालेले ३७८. सगळे कुत्रे एकत्र धरले तर गुणोत्तर (धुरातल्या कुत्र्यांत शक्यता इतरांच्या किती पट, ते) १.१, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. लांब नाकाचे वेगळे काढले तेव्हा २.० आलं, पण खरा आकडा ज्या पल्ल्यात असू शकतो त्याची खालची मर्यादा नेमकी १.० वर, म्हणजे फरक नसेलही. त्याच संशोधकांनी १९९२ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पाहिला होता: ५१ कुत्रे, गुणोत्तर १.६, पण शक्य पल्ला ०.७ ते ३.७. एवढ्यावर "सिद्ध झालं" म्हणता येत नाही.

गंमत अशी की त्या १९९२ च्या अभ्यासात आखूड आणि मध्यम नाकाच्या कुत्र्यांत धोका जास्त वाटत होता. याचं स्पष्टीकरण असं देतात की लांब नाकात ओलं अस्तर भरपूर, कण तिथेच अडकतात, त्यामुळे त्रास नाकाला. आखूड नाकातून ते सरळ खाली उतरतात. ऐकायला पटतं. पण गट पाडत गेलं की कुठल्या ना कुठल्या गटात काहीतरी सापडतंच, हेही विसरू नये.

माणसांच्या बाबतीत प्रश्न उरलेला नाही, दुसऱ्याच्या धुराने कॅन्सर होतो. कुत्र्यांच्या बाबतीत संशयाला जागा आहे, निकालाला नाही. आणि नकार देताना "निकाल लागलाय" अशा थाटात देऊ नका, माझं म्हणणं एवढंच.

धूमकेतू
किसकाढू, तुम्हाला माझ्याकडून एक सिगारेट. बाहेर जाऊन ओढा.

थर्मामीटर
मी पशुवैद्य आहे, म्हणून एक भर. पर्ड्यू विद्यापीठाचं २०२४ मधलं काम वाचा. १२० स्कॉटिश टेरियर तीन वर्षं पाहिले. धुरात राहणाऱ्यांत मूत्राशयाच्या कॅन्सरची शक्यता सहापट आढळली. पण या जातीत तो कॅन्सर मुळातच फार, त्यामुळे हा आकडा सगळ्या कुत्र्यांना लावू नका. आणि ज्यांचे मालक ओढत नाहीत अशा काही कुत्र्यांच्या लघवीतही कोटिनीन निघालं. पाहुण्यांच्या कपड्यांवरून येत असेल.

खरं सांगू, कॅन्सरवर एवढं भांडताय आणि थोटकांबद्दल कोणी बोलत नाही. ओसंडणारा ॲशट्रे आणि घरात पिल्लू, हे चित्र बघून मला धुराआधी निकोटीनची विषबाधा आठवते. लाळ, उलट्या, थरथर, मग झटके, कधीकधी तासाभरातच. ई-सिगारेटचं द्रावण तर आणखी झपाट्याने भिनतं. आणि घाबरून घरातलं ॲसिडिटीचं औषध देऊ नका. पोटातलं आम्ल निकोटीनचं शोषण रोखून धरतं, तेच तुम्ही घालवून बसाल. सरळ दवाखाना गाठा.

उंबरठा
गोचीडताई, नकाराऐवजी बाहेर ओढायची अट का नाही घालत? २००९ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. प्राणी पाळणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्यांपैकी २८.४ टक्के म्हणाले की धुराने प्राण्याला अपाय होतो हे कळलं तर सिगारेट सोडायचा प्रयत्न करू. बायकोमुलांनी सांगून न ऐकणारा माणूस कुत्र्यासाठी गॅलरीत जाईल, हे मला तरी खरं वाटतं.

किसकाढू
"करू" म्हणाले. केलं किती जणांनी?

धूमकेतू
गॅलरीत जाईन, त्याला काही हरकत नाही. पण कपडे बदलून, हात धुऊनच कुत्र्याला हात लावायचा म्हणाल तर ते जमणार नाही. कुत्रा दार उघडताच अंगावर उडी मारतो.

गोचीड
म्हणजे कपड्यांवरचं सगळं त्याच्या तोंडात. धूमकेतू, तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

उंबरठा, काल त्या घरी फोन केला होता. कुठलीही अट नको म्हणाले, "आमचं घर, आमची हवा."

थर्मामीटर
कुत्रा लांब नाकाचा की आखूड?

गोचीड
लांब. आणि सध्या माझ्याच पलंगाखाली झोपलाय.