घुमानला नामदेव महाराजांचं मंदिर हाय की गुरुद्वारा? जाऊन आलेलं कोण हाय काय इथं?

खानापूरवाला:
आमचं शिंप्याचं घर, आषाढ वद्य त्रयोदशीला महाराजांची पुण्यतिथी लहानपणापासनं बघतोय. यंदा भजन संपून प्रसादाला बसलो तर एक मामा म्हणाले पंजाबात घुमान म्हणून गाव हाय, तिथंपण नामदेवांची समाधी हाय आणि ती शीख लोक सांभाळतात. झालं, आजोबांचं टाळकं फिरलं, महाराजांच्या समाधीची पायरी पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या दारात असताना समाधी तिकडं कशी म्हणून. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. नक्की काय भानगड हाय, आणि बेळगावहून जायचं कसं?

शहापूरचा टाळकरी:
मी जाऊन आलोय. गुरदासपूर जिल्ह्यात येतं, साधं शेतीवालं गाव. गुरुद्वाराच हाय तो, आत गुरू ग्रंथ साहिब. मी आपली पांढरी टोपी घालून आत चाललो तर दारातल्या सरदारजीनं हसत हसत टोपीवरनंच भगवा रुमाल बांधला, म्हणजे मी डबल वारकरी! विठ्ठलाची मूर्ती शोधत बसू नका. पण ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांचे 61 शबद, म्हणजे पदं, हायत, त्यात 'बीठल' येतो. एक शबद तर 'आनीले कुंभ भराईले ऊदक' असा सुरू होतो, आता हे आनीले-भराईले आपलंच की वो! गावात सगळे 'बाबा नामदेवजी' म्हणतात, महाराष्ट्रातनं आलोय म्हटल्यावर चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. (मी बेळगावचा म्हटलं तर म्हणाले तेच ते. त्यांना काय समजावणार 🙂)

निपाणीकर:
समाधीचं मला पटत नाही. महाराजांनी 1350 ला पंढरपुरात महाद्वारात देह ठेवला हीच आपली परंपरा. घुमानचे लोक म्हणतात शेवटची बरीच वर्षं इथं राहिले आणि इथंच गेले. ती त्यांची श्रद्धा, ठीक हाय, पण म्हणून आपली पायरी खोटी होत नाही.

जुनं पुराण:
भांडू नका रे. आधी काळ बघा. नामदेव 1270 चे, गुरू नानक 1469 चे, म्हणजे महाराज उत्तरेत फिरले तेव्हा शीख पंथच नव्हता. त्यांची पदं तिकडं लोकांच्या तोंडात राहिली आणि 1604 ला गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ तयार केला तेव्हा कबीर, रविदासांबरोबर तीही घेतली, म्हणून तिकडं ते 'भगत नामदेव'. घुमानची इमारत सरदार जस्सासिंग रामगढियानं बांधली आणि तळ्याचं काम रणजितसिंगाच्या सासूबाई राणी सदाकौर यांनी केलं असं सांगतात. जवळच तपियाणा साहिब हाय, महाराजांनी तप केलं ती जागा. 2015 च्या एप्रिलात 88 वं मराठी साहित्य संमेलन घुमानलाच झालं, अध्यक्ष सदानंद मोरे, म्हणजे तुकोबांच्या वंशातलेच. आमच्याकडं सीमेवरनं एवढी बोंबाबोंब आणि संमेलन थेट पंजाबातल्या खेड्यात, मला तेव्हा लई गंमत वाटलेली.

जायचं म्हणाल तर बेळगावातनं गोवा एक्सप्रेस थेट हजरत निजामुद्दीनला, पुढं ब्यासला थांबणारी अमृतसरची गाडी धरा, तिथनं रस्त्यानं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तिकडच्या हिशोबानं माघ 2 ला, मोठा मेळा भरतो.

खानापूरवाला:
सगळं आजोबांना वाचून दाखवलं. समाधीचं ऐकलंच नाही त्यांनी. 'आनीले कुंभ' मात्र तीनदा वाचायला लावलं आणि आता विचारालेत, जानेवारीत तिकडं थंडी किती असते, घोंगडं पुरेल काय.