बीपी ‘नॉर्मल’ असतानाही रुग्ण बिघडत जातो, तेव्हा आपले नेमके काय पाहायचे राहून जाते?

प्रश्न: स्टाफ नर्स, पुरुष शस्त्रक्रिया विभाग, नाशिक

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम) पूर्ण करून मी येथील एका खासगी रुग्णालयात लागले, त्याला जेमतेम आठ महिने झाले आहेत. गेल्या आठवड्यातील एका नाइट ड्यूटीबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

निफाड तालुक्यातील ५८ वर्षांचे एक शेतकरी, अल्सर फुटून आतड्याला छिद्र पडल्यामुळे पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले. त्यानंतरची ही दुसरी रात्र होती. वजन ६२ किलो. रात्री ११ वाजता पल्स ९२ आणि बीपी १२६/८० होते. २ वाजता पल्स १०४, बीपी १२२/७८, ताप १०० आणि ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे टक्के) ९५ होते. श्वासाच्या रकान्यात दोन्ही वेळा २० लिहिलेले आहे; ते मीच लिहिले आणि न मोजता लिहिले, हे कबूल करते. २ वाजता ते सारखे अंगावरचे पांघरूण काढत होते आणि ‘किती वाजले, गाडी भरून झाली का?’ असे पुन्हा पुन्हा विचारत होते. ‘आप्पा असं कधी बोलत नाहीत,’ असे त्यांचा मुलगा म्हणालाही. मी आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) सरांना फोन केला. बीपी चांगले आहे, दुखत असेल, वेदनाशामक इंजेक्शन द्या, असे त्यांनी सांगितले. साडेचारला पल्स ११६, बीपी ११२/७६, ताप १००.८ आणि सॅच्युरेशन ९४ झाले. तेव्हा प्रथमच श्वास मोजला, तो २८ भरला. लघवीच्या पिशवीत चार तासांत ९० मिली. सहा वाजता त्यांना आयसीयूत हलवले आणि दुपारी पोट पुन्हा उघडावे लागले, कारण टाके घातलेल्या जागेतून गळती सुरू झाली होती.

मी २ वाजता नेमके काय पाहायला हवे होते? आणि फोनवर काय बोलले असते, तर डॉक्टर उठून आले असते?

उत्तर १: निवृत्त इनचार्ज सिस्टर, नाशिकरोड

सिस्टर, न मोजता २० लिहिण्याची सवय तुमच्या एकटीची नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी ताप, पल्स आणि श्वासाचे कित्येक टीपीआर चार्ट असे पाहिले, ज्यांत अख्ख्या वॉर्डाचा श्वास एकच होता. पल्स आणि सॅच्युरेशन यंत्र दाखवते, श्वास मात्र स्वतः उभे राहून मोजावा लागतो, म्हणून तो मागे पडतो.

मोजण्याची जुनी रीत अशी की, मनगट धरून पल्स मोजावी आणि हात तसाच ठेवून पुढचे पूर्ण एक मिनिट छातीकडे किंवा पोटाकडे पाहावे. आपला श्वास मोजला जात आहे हे रुग्णाला कळले, की तो नकळत बदलतो. रात्रीच्या मंद दिव्यात छाती नीट दिसत नसेल, तर पांघरुणावरून हलका हात ठेवावा. पोटाचे ऑपरेशन झालेला माणूस दुखते म्हणून उथळ श्वास घेतो. त्यामुळे श्वास किती खोल आहे आणि बोलताना मध्ये धाप लागते का, हेही चार्टवर यायला हवे.

सॅच्युरेशनवर मात्र फार विसंबू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या थंडीने रुग्णाची बोटे गार पडतात आणि ऑक्सिमीटर भलताच आकडा दाखवतो किंवा दाखवतच नाही. बोट चोळून ऊब आणावी, नखाला रंग असेल तर दुसरे बोट घ्यावे.

आणि मुलाचे ते वाक्य! नातेवाईक रात्री-अपरात्री प्रश्न विचारून त्रास देतात हे खरे, पण ‘असं कधी बोलत नाहीत’ हे त्याच्याखेरीज दुसरे कोणीही सांगू शकत नव्हते.

उत्तर २: नर्सिंग ट्यूटर, म्हसरूळ

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) ही गुणपद्धती आपल्या आकड्यांना लावून पाहू; तिच्यात गुण जितके जास्त, तितका रुग्ण जास्त बिघडलेला. तुमच्या चार्टप्रमाणे २ वाजता श्वास २० म्हणून शून्य, सॅच्युरेशन ९५ चा एक, पल्स १०४ चा एक. बीपी आणि ताप यांचे शून्य, आणि रुग्ण जागा म्हणून शुद्धीचेही शून्य. एकूण २ गुण, म्हणजे काळजीचे फारसे कारण नाही.

आता त्या वेळी श्वास मोजला असता आणि तो समजा २२ भरला असता, तर त्याचे दोन गुण वाढले असते, कारण २१ ते २४ या टप्प्याला दोन गुण आहेत. नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकट्याला तीन गुण आहेत. तोच रुग्ण, तीच वेळ, आणि एकूण ७. सात किंवा अधिक गुण म्हणजे तातडीने डॉक्टरांनी खाटेशी यायला हवे. साडेचारला तर ते १० होतात. वॉर्डातील यंत्रे मोजत नाहीत अशा नेमक्या दोन गोष्टी राहिल्या आणि चित्र पालटले.

आरोग्य विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला विद्यार्थिनी शुद्धीची तपासणी तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण वॉर्डात रुग्ण डोळे उघडून बोलतो आहे एवढ्यावर ‘कॉन्शस’ लिहून मोकळ्या होतात. संध्याकाळी नीट उत्तरे देणारा माणूस रात्री कांद्याची गाडी शोधू लागला, तर ती नोंद वेळेसह व्हायला हवी.

उत्तर ३: निवासी डॉक्टर, शल्यचिकित्सा

फोनच्या दुसऱ्या टोकाकडून लिहितो. झोपेतून उठलेल्या डॉक्टरला ‘सर, पेशंट अस्वस्थ आहे, बीपी १२२/७८’ एवढेच ऐकू आले, तर तो बीपीवरच अडकतो, आणि ही आमची चूक आहे. रक्ताभिसरण ढासळू लागले, की शरीर आधी पल्स वाढवते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते आणि लघवी कमी करते. बीपी सगळ्यात शेवटी सुटते. पल्सला वरच्या बीपीने भागून पाहा: ११ वाजता ०.७३, २ वाजता ०.८५, साडेचारला १.०४. साधारणपणे हा आकडा ०.५ ते ०.७ असतो. पल्स वरच्या बीपीला ओलांडून जाते, तेव्हा भागाकार करण्याचीही गरज उरत नाही. मात्र बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर पल्स तितकी वाढत नाही, तेव्हा आधीची औषधे विचारून ठेवा.

लघवीचा हिशेब तासाला किलोमागे अर्धा मिली. ६२ किलोंना तासाला ३१, चार तासांत सुमारे १२४ मिली हवी होती.

पोट पाहिले होते का? फुगलेले, हात लावताच कडक होणारे, खोकताना कळ येणारे पोट आणि ड्रेनमध्ये (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) आलेला पित्ताचा हिरवट रंग या बाबी आम्हाला इंजेक्शन सांगण्याऐवजी जिने चढायला लावतात. माझ्याशी असे बोला: ‘सर, अमुक खाट, छिद्राचे ऑपरेशन, दुसरी रात्र. पल्स तीन तासांत ९२ वरून १०४, श्वास २२, ११ नंतर नव्याने असंबद्ध बोलणे, लघवी कमी. मला गळतीची शंका येते. आपण येऊन पाहावे.’ शेवटचे वाक्य सोडू नका. कोणी आलेच नाही, तर फोनची वेळ आणि मिळालेले उत्तर लिहून थेट कन्सल्टंटना कळवा. त्यात उद्धटपणा काहीही नाही.

उत्तर ४: स्टाफ ब्रदर, मालेगाव

सर्व मान्य आहे, पण रात्री तीस खाटांना दोघे असताना प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजला, तर नुसत्या मोजणीला अर्धा तास जातो, हेही कोणीतरी बोलले पाहिजे. मी वाटणी करतो. पहिल्या तीन दिवसांतील ऑपरेशनवाले, ऑक्सिजनवर असलेले, आणि मागच्या फेरीपेक्षा ज्यांचा कोणताही आकडा हलला आहे, त्यांचा पूर्ण मिनिट. बाकी ज्यांचा श्वास नियमित आहे, त्यांचा अर्धे मिनिट मोजून दुप्पट. न मोजता मात्र रकाना भरत नाही. वेळ मिळाली नाही, तर तो रिकामा सोडतो. त्यावरून इनचार्ज सिस्टरांची बोलणी खाल्ली आहेत, पण रिकाम्या रकान्यामुळे निदान पुढच्या ड्यूटीवाल्याची फसगत होत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आप्पा आयसीयूतून बाहेर आले आहेत आणि कालपासून थोडे पाणी घेत आहेत.

काल रात्री दुसऱ्या एका रुग्णाची चुळबुळ सुरू झाली. पल्स १०८, श्वास मोजला तो २४, पिशवीत दोन तासांत थेंबही नाही. उत्तर ३ मध्ये डॉक्टरांनी सांगितले तसाच मी फोन केला आणि आरएमओ सर पाच मिनिटांत आले. त्यांनी ओटीपोटावर हात ठेवला, तर मूत्राशय तट्ट फुगलेले होते आणि कॅथेटरची नळी रुग्णाच्या मांडीखाली दुमडून बसली होती. नळी सरळ करताच पिशवीत ७०० मिली आले आणि ते झोपी गेले. फोन करण्याआधी नळी बोटाने चाचपून पाहायची, हे आता मी माझ्या वहीत पहिल्या ओळीला लिहिले आहे. सर मात्र काही बोलले नाहीत, फक्त श्वासाचा रकाना पाहून ‘मोजला का?’ एवढेच विचारून गेले.