ढाक्यात सैन्य उतरवण्याची भाषा कोण करतो आहे?

धंतोलीकर

काल येथे नागपूरच्या महाल भागातील एका सद्गृहस्थांनी लिहिले की, १९७१ मध्ये भारताने तेरा दिवसांत जे करून दाखवले तेच आता पुन्हा करावे, ढाक्यात सैन्य उतरवावे आणि चीनच्या तिथल्या हालचालींना कायमचा पायबंद घालावा. त्या मजकुराला मिळालेली दाद पाहून मी अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७१ हे तेरा दिवसांचे युद्ध नव्हतेच. मार्चपासून पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले होते आणि मुक्तिवाहिनी आतून लढत होती. माणेकशा यांनी घाई नाकारून पावसाळा जाऊ दिला, तर ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार करून दिल्लीने अमेरिका आणि चीन यांच्या दडपणाची तजवीज केली. तेव्हा कुठे १६ डिसेंबरला ९३ हजारांची शरणागती पदरात पडली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपले सैन्य मार्च १९७२ मध्ये परत आले. तिथल्या जनतेला आपण हवे होतो आणि काम होताच आपण निघालो, म्हणून तो विजय टिकला. आज यातली कोणती गोष्ट हाताशी आहे, हे त्या सद्गृहस्थांनी सांगावे.

महालवासी

तो मजकूर माझाच आहे आणि त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारी सिलिगुडीची पट्टी सर्वांत अरुंद जागी जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची आहे. मार्च २०२५ मध्ये बांगलादेशच्या हंगामी सरकारचे तेव्हाचे प्रमुख युनूस यांनी चीनमध्ये जाऊन आपल्या ईशान्येकडील राज्यांना समुद्र नाही आणि त्या भागासाठी समुद्राचे रक्षक आम्हीच, असे सांगितले. बांगलादेशात तिस्ता नदीच्या खोऱ्यात चिनी अभियंते येऊ घातले आहेत. धंतोलीत बसून इतिहासाचे धडे देणाऱ्यांना हे दिसत नाही का? शेजारी घरात शत्रू येऊन राहिला, तर आपण तारखा मोजत बसायचे?

कामठीची लेक

दादा, सैन्य पाठवा असे लिहिणे सोपे आहे. माझे वडील १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाफन्याला होते. राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी २९ जुलैला करार केला, तेव्हा तमिळ वस्त्यांमध्ये आपल्या जवानांना हार घातले गेले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याच वस्त्यांच्या रस्त्यांखाली सुरुंग पेरलेले होते. पुढे प्रेमदासा यांच्या सरकारने भारतीय सैन्याशीच लढण्यासाठी तमिळ वाघांना (एलटीटीई) शस्त्रे दिली आणि आपल्याला निघून जायला सांगितले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. बाबा निवृत्त झाल्यानंतरही शेताकडच्या वाटेवर मोरी आली की थांबत, खाली वाकून दोन्ही बाजूंनी पाहत आणि मगच आम्हाला पुढे जाऊ देत. लहानपणी आम्हाला तो खेळ वाटे.

महालवासी

ताई, आपल्या वडिलांविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु श्रीलंकेत चूक झाली ती राजकीय नेतृत्वाची. सैन्याला नेमके काय करायचे हेच सांगितले नव्हते. त्या अपयशामुळे पुढची सगळी पावले गोठवून ठेवायची का? १९८८ मध्ये मालदीवला आपले छत्रीधारी सैनिक रातोरात पोहोचले आणि बंड मोडले गेले, ते आपण सोयीस्करपणे विसरता.

धंतोलीकर

मालदीवला राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी स्वतः मदत मागितली होती. ढाक्यातून आपल्याला कोणी बोलावले आहे?

काटोलचा बागायतदार

तुम्ही मंडळी सैन्य आणि पट्ट्या यांवर बोलता, आमच्या बागेत मात्र बांगलादेश दर हंगामात वेगळ्याच रूपाने येतो. नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक तोच. २०१९ मध्ये किलोमागे २० टका (बांगलादेशी चलन) असलेले आयातशुल्क २०२३ मध्ये ८८ टक्यांवर गेले. आंबिया बहाराच्या वेळी व्यापारी विसार देऊन बाग धरतो. शुल्क वाढल्याची बातमी आली की तोच व्यापारी विसारावर पाणी सोडतो आणि निघून जातो, मग माल नागपूरच्या कळमना बाजारात मिळेल त्या भावाने टाकावा लागतो. हे शुल्क वाढले तेव्हा ढाक्यात युनूस नव्हते. ज्यांना आपण परममित्र म्हणत होतो त्या हसीना यांचेच सरकार होते.

मनीषनगर (मूळ लासलगाव)

हे शुल्क का वाढले, तेही सांगा. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात हसीना दिल्लीत येऊन जाहीरपणे म्हणाल्या की, आधी कळवले असते तर बरे झाले असते, आता मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. आमच्याकडे चाळीतला कांदा सडला आणि त्यांच्याकडे बाजार भडकला. उद्या कोणी हेच आपल्याशी केले, तर आपण काय करू?

काटोलचा बागायतदार

म्हणजे नाशिकच्या कांद्याचा राग विदर्भाच्या संत्र्याने सोसायचा? हीच आमची जन्माची तक्रार आहे. कांदा महागला की दिल्ली हलते. आमची फळगळ झाली, तरी पंचनाम्याला माणूस येत नाही.

मनीषनगर (मूळ लासलगाव)

भाऊ, बंदीने आम्हीही मेलो. आपसात भांडून काय मिळणार? निर्णय घेणाऱ्यांनी ना तुम्हाला विचारले, ना आम्हाला.

महालवासी

संत्र्यांवरून परराष्ट्र धोरण ठरत नसते, हे मी ठणकावून सांगतो. तरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. बांगलादेशाला चिनी पाणबुड्या २०१६ मध्ये मिळाल्या, म्हणजे हसीना यांच्याच काळात. तेव्हा सरकार आपल्या बाजूचे असले की चीन दूर राहतो, हा माझा समज तपासावा लागेल. सैन्याचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो. दबाव मात्र हवाच. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या मालाला आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढून घेतली आणि मे महिन्यात तयार कपड्यांसाठी भूमार्ग बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरे ठेवली, ते योग्यच झाले.

काटोलचा बागायतदार

त्याच भूमार्गाने आमचे ट्रक बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याला जातात, साहेब. तिथे तणाव वाढला की क्रेटमधले फळ दोन दिवसांत मऊ पडते.

धंतोलीकर

दबावाला माझा सरसकट विरोध नाही, पण त्याने समोरच्याला आपल्याशी बोलणी करण्यावाचून गत्यंतर राहू नये, बीजिंगकडे धावण्याचे निमित्त मिळू नये. गंगेच्या पाणीवाटपाचा करार १२ डिसेंबर १९९६ चा आहे, त्याची मुदत तीस वर्षांची, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरात ती संपते. गंगेवरील फराक्का बंधाऱ्याचे पाणी त्यांच्या शेतीला उन्हाळ्यात लागते आणि सिलिगुडीची शांतता आपल्याला बारमाही. या दोन्ही गोष्टी एकाच मेजावर आणाव्यात, आणि त्याच बैठकीत संत्र्याचे शुल्क व कांद्याच्या बंदीची आगाऊ सूचना हेही विषय ठेवावेत, अशी मागणी आपल्या खासदारांकडे लेखी करू या. मसुदा मी लिहितो. काटोल आणि लासलगाव या दोघांनी आपापले आकडे पाठवावेत. महालच्या सद्गृहस्थांनी सही करावी की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

महालवासी

मसुद्यात तिस्तेवरील चिनी प्रकल्पाला स्पष्ट हरकत असेल, तरच करीन.