गळा धरणं 'चालतंच' म्हणून सोडून दिलंत का? अनुभव लिहा

शेवंती: काल मैत्रिणीचा फोन आला, आवाज घोगरा, म्हणाली सर्दी झालीय. मला माझी सहा वर्षांपूर्वीची 'सर्दी' आठवली. तेव्हाच्या बॉयफ्रेंडने सेक्स करताना न विचारता गळा धरला, वाटलं असंच करत असतील सगळे, मग डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर आले तर चादर ओली. चार दिवस चहाचा घोट गिळताना दुखायचं आणि आईला सांगितलं सर्दी. वळ एकही नव्हता म्हणून डॉक्टरकडे गेलेच नाही. कुणाचं असं झालं असेल तर लिहा, नाव नका सांगू हवं तर.

रानजाई: वाचून पोटात गोळा आला गं. मी इंग्लंडात कॅज्युअल्टीत नर्स आहे. वळ नसला तरी आत इजा असू शकते. श्वास चालू असला तरी मेंदूकडचं रक्त अडलं की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते, नकळत लघवी होणं ही पण गंभीर खूण. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका काही दिवसांनीही येतो, तरुण माणसाला सुद्धा. इथे जून २०२२ पासून गळा आवळणं हा वेगळा गुन्हा आहे.

मीरा_७: पण हळू, फक्त बाजूने दाबलं तर सेफ ना? सगळीकडे तसंच सांगतात

रानजाई: नाही गं, त्या धमन्या बाजूलाच तर असतात!! सेफ पद्धत अशी नाहीच.

एकजण: बायकोनेच सांगितलं होतं म्हणून मी केलं. नको झालं की 'बस' म्हणायचं असं ठरलेलं. गळाच धरलाय तर ती बोलणार कशी, हे डोक्यातच आलं नाही. तिचा हात गळून पडला तेव्हा सोडलं. ती बरी आहे पण अजून रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना बघतो

गावाकडची: दादा लिहिलंत ते बरं केलंत. मी डॉक्टरकडे गेले तर पहिला प्रश्न लग्न झालंय का, तशीच परत आले

रानजाई: संताप येतो हे ऐकून. फक्त 'गळा दाबला गेला, शुद्ध गेली होती' एवढं सांगायचं, मानेचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) लागेल का विचारायचं. आवाज बसला, गिळता येईना, मान एका बाजूने दुखतेय, हात जड झाला, तोंड वाकडं झालं तर रात्र असली तरी निघायचं.

मीरा_७: शेवंती मैत्रिणीला सरळ विचारलंस का

शेवंती: कुकर लावला होता, आत्ता केला फोन. सर्दीच आहे, दोन्ही पोरं पण शिंकतायत. तरी माझं सगळं सांगितलं तिला, पहिल्यांदाच कुणाला तरी.